ब्लूजचा गंधार



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते गुरुजी जन्मभर पेटी वाजवत आले. म्हणून पेटीपासूनच सुरुवात करतो. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. पेटीवरचा आक्षेप आपल्याला ठाऊक आहे. तिचा प्रत्येक स्वर आपापल्या पट्टीत बसवलेला असतो, तिला मींड घेता येत नाही, आणि दोन पट्ट्यांच्या मधे जे काही आहे ते तिच्या आवाक्याबाहेर राहतं. या आक्षेपाला गुरुजींसारख्या वादकांनी वादविवादाने उत्तर दिलं नाही, वाजवून दिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांपुढे पियानोच्या रूपाने हाच पेच उभा होता, आणि त्यांनीही उत्तर वाजवूनच दिलं. ते उत्तर म्हणजे आजचा विषय.

जॅझ आणि ब्लूजमध्ये वादक उपज करतात तेव्हा अनवट स्वरमाला कशा वापरतात, याबद्दल मी बोलणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जॅझमधली सगळ्यांत अनवट स्वरमाला ही जॅझची पहिलीच स्वरमाला आहे, म्हणजे ब्लूजची. पुढे युरोपातून, पुस्तकांतून, अरबस्तानातून आणि हिंदुस्थानातून ज्या ज्या स्वरमाला जॅझमध्ये आल्या, त्यांतल्या ज्यांनी ब्लूजशी नातं जोडलं त्या रुजल्या. बाकीच्या पाहुण्यासारख्या आल्या आणि गेल्या.

डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला बँडमास्तर. 1903 च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत असताना त्याला डुलकी लागली, आणि जाग आली ती एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाच्या गिटारमुळे. तो माणूस तारांवर सुरी दाबून सरकवत होता आणि सोबत गात होता. असं विचित्र संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं, असं हँडीने पुढे आत्मचरित्रात नोंदवलं. विचित्र का, तर सुरी सरकली की गिटारचे पडदे निकामी होतात. स्वर एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, मधली सगळी वाट तुडवत जातो.

कागदावर मांडायचं तर ब्लूजचे स्वर सोपे आहेत. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. हे आपल्या धानीचे स्वर झाले. मध्यम आणि पंचम यांच्या वाटेवर तीव्र मध्यमाचा स्पर्श द्या, की झालं क्रमिक पुस्तकातलं ब्लूज स्केल. पण हे स्वर बिनचूक वाजवणारा मुलगा ब्लूज वाजवतो आहे असं कुणी जाणकार म्हणणार नाही. ब्लूजचा जीव त्याच्या गंधारात आहे, आणि तो गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या प्रदेशात फिरत असतो. आपल्याकडे जोगमध्ये दोन्ही गंधार आहेत, पण तिथे दोघांच्या जागा ठरलेल्या आहेत. शुद्ध गंधार चढताना येतो, आणि उतरताना मध्यमावरून कोमल गंधाराला स्पर्श करून षड्जावर यायचं. ब्लूजमध्ये मात्र गंधार एकच असतो आणि तो चालता असतो. एखाद्या ओळीत तो कोमलाशी सुरू होऊन शुद्धाकडे ओढला जातो, पोचतो न पोचतो तोच गायक त्याला सोडून देतो.

ब्लाइंड विली जॉन्सन हा टेक्सासमधला अंध गायक रस्त्यावर धार्मिक गाणी गायचा. 1927 च्या डिसेंबरात डलास इथे त्याने एक ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात शब्द नाहीत. गिटारच्या तारेवर सरकणारा स्वर आणि त्याच्या मागोमाग गळ्यातलं गुणगुणणं, एवढंच आहे. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यात ही मुद्रिका आहे. आणि त्याच तबकडीवर केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे. त्या दोन मुद्रिका एकामागोमाग ऐका, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. गळ्याची तालीम वेगळी, समाज वेगळा, पण दोन स्वरांच्या मधली जागा ही रिकामी नसते, हे दोघांच्याही गाण्यात स्वच्छ ऐकू येतं.

आता थोडं तांत्रिक बोलतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ब्लूजचं आवर्तन बारा बारचं, प्रत्येक बार चार मात्रांचा. पहिले चार बार षड्जाची कॉर्ड वाजते, मग दोन बार मध्यमाची, दोन बार पुन्हा षड्जाची, नंतर पंचमाची, आणि शेवटी परत घरी. षड्जाच्या कॉर्डमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नी असतात. हे चार स्वर पेटीवर धरून ठेवा आणि वर कोमल गंधार लावा. घर्षण होतं, स्वर डसतो. आता पाचव्या बारमध्ये जमीन मध्यमावर सरकते. मध्यमाच्या कॉर्डमध्ये म, ध, सा आणि कोमल ग आहेत. म्हणजे चार बार जो कोमल गंधार परका वाटत होता, तो पाचव्या बारमध्ये घरचा झाला! गायकाने स्वर बदलला नाही, खालची जमीन बदलली. आपल्या संगीतात तंबोरा जमीन हलू देत नाही आणि गायक स्वराला फिरवतो. ब्लूजमध्ये दोन्ही हालतात, स्वरही आणि जमीनही. अनवट स्वर लावून तो सार्थ करण्याची ही जी युक्ती आहे, ती पुढच्या सगळ्या जॅझची आहे.

पियानोवाल्यांना मधला स्वर मिळणारच नव्हता. त्यांनी कोमल आणि शुद्ध गंधाराच्या पट्ट्या एकत्र दाबल्या, किंवा एकीवरून बोट दुसरीवर घसरवलं. थेलोनियस मंकचं वादन नीट ऐका. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या तो इतक्या ठामपणे एकदम वाजवतो की चुकलं असं वाटायला जागाच उरत नाही. पियानोत नसलेला स्वर तो दोन असलेल्या स्वरांच्या भांडणातून ऐकवतो.

मंकची दुसरी खूण म्हणजे वरून खाली कोसळणारी एक स्वरमाला. सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. प्रत्येक पायरी सारखी, पूर्ण स्वराची. हिच्यात पंचम नाही, शुद्ध मध्यमही नाही, त्यामुळे षड्जाला आधार द्यायला कुणीच नाही. कुठलाही स्वर घर होऊ शकतो, म्हणून कुठलाच होत नाही. बारा स्वरांत अशा मिळून दोनच माला निघतात. फ्रान्समध्ये देब्युसीने ती कीर्तीला आणली, आणि 1927 मध्ये बिक्स बायडरबेक या कॉर्नेटवादकाने पियानोवर मुद्रित केलेल्या ‘इन अ मिस्ट’मध्ये तिचा रंग जॅझमध्ये दिसतो. पण बिक्सच्या हातात ती धुक्यासारखी पसरते, मंकच्या हातात ती काम करते. पंचमाच्या कॉर्डवर, घरी परतण्याच्या ऐन क्षणी, तो तिला आणतो. दिशा हरवल्यासारखं होतं आणि पुढच्याच मात्रेला ब्लूजचा षड्ज भक्कम पायाखाली येतो. अर्धा आणि पूर्ण स्वर आळीपाळीने घेऊन बनणारी आठ स्वरांची जी माला आहे, रशियाच्या रिम्स्की-कोर्साकोव्हने वापरलेली, तीही जॅझमध्ये बहुतेक याच कामाला लागते.

चार्ली पार्करने 1939 च्या डिसेंबरात हार्लेममधल्या एका खाणावळीत ‘चेरोकी’ ही धून वाजवताना आपल्या डोक्यात घुमणारं संगीत पकडलं, अशी त्याचीच हकीकत आहे. कॉर्डच्या सा-ग-प-नी याच्याही वर चढत जायचं आणि तिथल्या रे, म, ध यांवर धून बांधायची. मग ते स्वर कोमल किंवा तीव्र करायचे. पंचमाच्या कॉर्डवर पंचमालाच सा मानून कोमल रिषभ लावला, तर तो अर्ध्या स्वराने उतरून घरच्या कॉर्डच्या पंचमावर येतो. म्हणजे परका स्वर लावायचा तो पुढच्या घरापासून एका पट्टीच्या अंतरावरचा. पार्करच्या या शैलीची, म्हणजे बीबॉपची, गंमत मोठी आहे, पण माझ्या विषयाला यातलं एवढंच पुरे. पार्करने हे सगळं केलं आणि ‘पार्कर्स मूड’मध्ये 1948 साली संथ लयीत ब्लूजच वाजवला, हेही लक्षात असू द्या.

आता जॉर्ज रसेलकडे येतो. याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. सिनसिनाटीत 1923 साली जन्मलेला हा माणूस क्षयाने रुग्णालयात महिनोन्महिने पडून होता, आणि त्या काळात त्याने स्वरांचा हिशेब मांडला. 1953 साली त्याचा ग्रंथ आला. त्याचा मूळ विचार आपल्याला लगेच उमजेल, कारण तो षड्ज-पंचम भावाचा आहे. सा पासून निघा आणि पंचमापंचमाने चढत जा. सा, प, रे, ध, ग, नी, आणि सातवा येतो तीव्र मध्यम. हे सात स्वर एका सप्तकात आणले की यमनचे स्वर समोर उभे राहतात! पाश्चात्त्यांच्या नेहमीच्या मेजर स्केलमध्ये, म्हणजे आपल्या बिलावलमध्ये, शुद्ध मध्यम असतो, आणि तो सा-ग-प या कॉर्डवर थांबला की गंधाराशी भांडतो. रसेलचं म्हणणं असं की त्या कॉर्डचं खरं घर तीव्र मध्यमाच्या मालेत आहे. ज्या मुलांना इथे पहिला राग म्हणून यमन शिकवला गेला, त्यांच्या कानाला हे पटवून द्यावं लागत नाही. रसेलच्या विचाराने कॉर्डमागून कॉर्ड धावण्याऐवजी एका मालेत राहण्याचा रस्ता मोकळा झाला.

त्या रस्त्याने गेलेली सगळ्यांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका ‘काइंड ऑफ ब्लू’. माइल्स डेव्हिसने ती न्यूयॉर्कमध्ये 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 या दोन दिवसांत केली. ‘सो व्हॉट’मध्ये सोळा बार काफी थाटाचे स्वर, सा पांढरी दोन. मग सगळी जमीन एक पट्टी वर सरकते, काळी दोनवर, आठ बार. परत आठ बार पांढरी दोन. बस्स, एवढाच आराखडा. ‘फ्लॅमेंको स्केचेस’मध्ये पाच स्वरमाला आहेत आणि वादकाने प्रत्येकीत हवा तितका वेळ थांबावं अशी मुभा. चौथी माला स्पॅनिश रंगाची, कोमल रिषभ आणि कोमल धैवताची. आलापाची सवय असलेल्या कानाला ही मुद्रिका परकी वाटणार नाही.

या मुद्रिकेबद्दल लिहिणारे बहुतेक जण ‘सो व्हॉट’पाशी थांबतात. मला ‘ऑल ब्लूज’पाशी थांबायचं आहे. पाचपैकी दोन रचना बारा बारच्या ब्लूजच आहेत आणि त्यांतली ही एक, सा पांढरी पाच. धून मंद्र पंचमावरून शुद्ध गंधारावर झेप घेते. चार बार हेच चालतं. पाचव्या बारमध्ये रूढ ब्लूजची जमीन मध्यमावर गेली असती. इथे डबल बास पांढरी पाच सोडत नाही. तीच झेप, तोच पंचम, फक्त गंधार कोमल झाला. मघाशी सांगितलं की ब्लूजमध्ये जमीन सरकल्यामुळे कोमल गंधार घरचा होतो. माइल्सने जमीन जागेवर ठेवली आणि गंधार सरकवला, आणि तरीही ऐकणाऱ्याला जमीन हलल्याचा भास होतो. पुढे नवव्या बारमध्ये पंचमाच्या कॉर्डमध्ये त्या कॉर्डचे कोमल आणि शुद्ध असे दोन्ही गंधार एकदम वाजतात. टटवायलरच्या सुरीखालचा तो चालता स्वर इथे पियानोच्या दोन पट्ट्यांत पकडला आहे. अर्ध्या शतकात ब्लूज कुठून कुठे आला, हे या बारा बारमध्ये ऐकायला मिळतं.

या मुद्रिकेत टेनर सॅक्सोफोन वाजवणारा जॉन कोल्ट्रेन दोन आठवड्यांच्या आत, 4 आणि 5 मे रोजी, दुसऱ्या स्टुडिओत ‘जायंट स्टेप्स’ करत होता. तिथे सप्तकाचे तीन सारखे भाग केलेले. पांढरी सात, पांढरी पाच, काळी दोन, अशी तीन घरं आणि त्यांच्यात भरधाव धावाधाव. टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादक त्या वेगात अडखळलेला मुद्रिकेवर ऐकू येतो. निकोलस स्लोनिम्स्की यांचा स्वरमालांचा जाडजूड कोश 1947 साली आला होता. त्यात सप्तकाचे समान भाग पाडून केलेल्या मालांची रांगच आहे. कोल्ट्रेन त्याचा रियाज करायचा. म्हणून आजचे विद्यार्थी तो कोश शोधतात. शोधू द्या. पण 1961 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये कोल्ट्रेनने त्या रियाजाचं काय केलं, ते आधी ऐकावं.

त्या एकाच आठवड्यात, त्याच मंचावर, दोन गोष्टी मुद्रित झाल्या. एक ‘इंडिया’. सा पांढरी पाच, खाली धरलेला षड्ज, दोन डबल बास, कोल्ट्रेनच्या हाती सोप्रानो सॅक्सोफोन आणि एरिक डॉल्फीच्या हाती बास क्लॅरिनेट. दुसरी ‘चेझिन द ट्रेन’. पांढरी चारमधला ब्लूज, पियानो गप्प, आणि सुमारे सोळा मिनिटं आवर्तनावर आवर्तन. एका समीक्षकाने त्याच महिन्यात कोल्ट्रेन आणि डॉल्फीच्या वादनाला ‘अँटी-जॅझ’ ठरवलं. पुढच्या वर्षी दोघांनी एका मुलाखतीत उत्तर दिलं, त्यात डॉल्फी पक्ष्यांबरोबर वाजवण्याबद्दल आणि त्यांच्या स्वरांच्या मधल्या स्वरांबद्दल बोलला. माझ्या मते त्या समीक्षकाने ‘चेझिन द ट्रेन’ ऐकताना बारा बार मोजले असते तर तो शब्द त्याने वापरला नसता. सॅक्सोफोन किंचाळतो, फाटतो, दोन सप्तकांतून एकदम बोलल्यासारखा वाजतो, पण आवर्तन सुटत नाही. आणि ‘इंडिया’ ऐका. आपण ज्याला राग म्हणतो तो त्यात नाही. चलन नाही, वर्ज्य-अवर्ज्याचा नियम नाही. त्यात आहे ती स्थिर षड्जावर पसरलेली ब्लूजचीच हाक. कोल्ट्रेनला पंडित रविशंकरांबद्दल इतका आदर होता की 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. पण त्याने रागाची नक्कल केली नाही. त्याने आपल्या स्वराला जास्त वेळ एका जागी राहायला शिकवलं. मला यात त्याचा मोठेपणा दिसतो.

उलट बाजूचे प्रयोगही झाले. कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये 1966 साली इंडो-जॅझचा प्रयोग केला. तो प्रामाणिक आहे, पण मला त्यात राग आणि जॅझ शेजारी शेजारी बसलेले वाटतात. दहा वर्षांनी जॉन मॅकलॉफलिनने ‘शक्ती’ या गटात झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विनायकराम यांच्याबरोबर वाजवताना गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून घेतलं, तार दाबून मींड काढता यावी म्हणून. ब्लूजचा गिटारवाला तार बोटाने ओढून जे करतो, तेच हे. तिथे दोन परंपरांची गाठ बरोबर त्या मधल्या स्वरावर पडली.

आपल्या घराजवळचं एक सांगायलाच हवं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा चित्रपटाच्या स्टुडिओत रागदारीच्या चाली. अल्डोण्याचे अँतोनियो वाझ, म्हणजे सगळ्यांचे चिक चॉकलेट, हे त्यांतलं लाडकं नाव. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागांवरून जॅझ रचलं आणि वाजवलं. 1978 साली मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला तेव्हा अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स त्यात वाजवायला आला होता. त्याआधी साठीच्या दशकाच्या शेवटी तो पवईच्या आश्रमात राहून गेलेला. मुंबई-गोव्याच्या त्या वादकांच्या कानात दोन्ही गंधार एकाच वेळी नांदत होते आणि त्याबद्दल आपण मराठीत जवळजवळ काही लिहून ठेवलेलं नाही. ही उणीव माझ्या पिढीची आहे.

आज शिकवण्याची पद्धत अशी की कॉर्ड दिसली की तिची माला सांगायची. या कॉर्डला ही, त्या कॉर्डला ती. किरवाणी, चारुकेशी, वसंत मुखारी यांचे स्वरही आता तिकडच्या पुस्तकांत वेगळ्या नावांनी सापडतात. माहिती म्हणून हे उत्तम आहे. पण थाट पाठ झाला म्हणजे राग आला असं आपण कधीच मानलं नाही, मग जॅझच्या बाबतीत ते का मानायचं? कोणता स्वर किती वेळ थांबला, कुठल्या जमिनीवर थांबला आणि जमीन बदलल्यावर त्याचं काय झालं, हे कळल्याशिवाय अनवट माला ही नुसती बोटांची कसरत राहते.

म्हणून सभागृहातल्या तरुण वादकांना माझी विनंती आहे. कोशातली नवी माला घेण्याआधी बारा बारचा ब्लूज गळ्याने गा, वाद्य बाजूला ठेवून. सोबतीला कुणालातरी पेटीवर तीन कॉर्ड धरायला सांगा. कोमल गंधारावर थांबा आणि पाचव्या बारमध्ये जमीन सरकते तेव्हा त्या स्वराचं काय होतं ते ऐका. ते ऐकू यायला लागेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि मुंबई-गोव्याच्या जुन्या जॅझवादकांपैकी कुणी तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांच्याकडे जाऊन त्यांचं वादन आणि त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवा. हे काम यंदाच सुरू करा.